भंगारातली मोटर आणि तिसरा फेज

साडेचार फुटी लेथ. बेडला कुठे खड्डा नाही, चकाची पकड घट्ट, किंमत भंगाराच्या भावाच्या जरा वर. घ्यायला गेलेला माणूस खूश होतो, मग मोटरीवरची पाटी वाचतो आणि परत फिरतो. पाटीवर लिहिलेलं असतं 2 एचपी, 415 व्होल्ट, थ्री फेज. त्याच्या घराच्या मागच्या शेडमध्ये मीटर सिंगल फेजचं.

हा लेख त्या परत फिरणाऱ्या माणसासाठी आहे. माझ्या शेडमधला लेथ गेली सहा वर्षं घरगुती 230 व्होल्टवर चालतो आहे. त्याला लागणारा तिसरा फेज मी भंगारातून आणलेल्या एका मोटरीतून काढतो. हे कसं जमतं ते नीट समजलं तर करणं अवघड नाही. मात्र न समजता, कुणीतरी सांगितलं म्हणून तारा जोडल्या तर मोटर जळते, आणि प्रसंगी माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून आधी तत्त्व, मग तारा.

पायाने चालवायचं शिलाई मशीन डोळ्यासमोर आणा. पायडल नुसता वर-खाली होतो. चाक थांबलेलं असताना पायडल दाबला तर चाक कधी सुलटं जाईल, कधी उलटं, कधी तिथेच अडून बसेल. म्हणून शिंपी आधी उजव्या हाताने चाकाला झटका देतो आणि मग पाय चालवतो. एकदा चाकाने वेग घेतला की तोच वर-खाली जोर त्याला फिरवत ठेवतो.

सिंगल फेज वीज म्हणजे हा पायडल. सेकंदाला 50 वेळा तिचं पुढे-मागे होतं. मोटरीच्या गुंडाळीत ती चुंबकाचा जोर तयार करते, पण तो जोर एकाच रेषेत कमी-जास्त आणि उलटसुलट होतो. तो गोल फिरत नाही.

थ्री फेजचं तसं नाही. मोटरीत तीन गुंडाळ्या एकमेकींपासून 120 अंशांवर बसवलेल्या असतात आणि तीन फेज त्यांना पाळीपाळीने जोर देतात. रहाटाभोवती तीन माणसं सारख्या अंतरावर उभी राहून एकामागून एक ढकलत आहेत असं समजा. अडून बसायला जागाच उरत नाही. चुंबकीय क्षेत्र स्वतःच गोल फिरतं, चार पोलच्या मोटरीत मिनिटाला 1500 फेरे, आणि रोटर, म्हणजे मोटरीतला फिरणारा भाग, त्याच्या जरा मागे राहून 1420-1440 ने धावतो. अशी साधी, ब्रश नसलेली, आत फक्त लोखंड आणि तांबं-ॲल्युमिनियम असलेली थ्री फेज मोटर मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की या इंजिनिअरने जर्मनीत 1889 मध्ये बांधली. आज वर्कशॉपमध्ये जी मोटर दिसते ती मूळ रूपात तीच आहे. म्हणूनच ती पन्नास वर्षं टिकते आणि भंगारात गेल्यावरही बहुतेक वेळा धडधाकट असते.

आता या मोटरीला तीनऐवजी दोनच तारा दिल्या तर काय होईल? ती घूं घूं करेल, जागची हलणार नाही, नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढेल आणि थोड्याच वेळात वायंडिंगचा, म्हणजे गुंडाळ्यांच्या तारेचा, जळका वास येईल. पण त्याच मोटरीच्या शाफ्टला दोरी गुंडाळून आधी वेग दिला आणि मग वीज सोडली, तर ती धावत राहील. ज्या दिशेने झटका द्याल त्याच दिशेने, शिंप्याच्या चाकासारखी. शेतकऱ्यांनी हे पाहिलेलं असतं. पंप चालू असताना डीपीवरचा एक फ्यूज उडाला तरी मोटर थांबत नाही. आवाज बदलतो, अंग तापतं, पाणी पडत राहतं, आणि लक्ष गेलं नाही तर मोटर जळते.

खरी गंमत पुढे आहे. दोन तारांवर धावणाऱ्या त्या मोटरीच्या रिकाम्या तिसऱ्या टोकावर मीटर लावून बघा. तिथे व्होल्टेज मिळतं! कारण आत फिरणारा रोटर आता स्वतः चुंबक झालेला असतो, आणि तो तिसऱ्या गुंडाळीसमोरून फिरताना तिच्यात वीज निर्माण करतो. ती गुंडाळी 120 अंशांवर बसलेली आहे, म्हणून ती वीजही जवळपास तेवढीच मागे-पुढे सरकलेली असते. म्हणजे तिसरा फेज तयार होतो, मोटरीच्या पोटात. त्या टोकाला तार जोडून तो बाहेर काढायचा आणि घरातल्या दोन तारांसोबत लेथला द्यायचा. सगळं रहस्य एवढंच आहे.

हा जुगाड आहे असं कुणी म्हणालं तर त्याला रेल्वेचं उदाहरण सांगा. रुळांच्या वरून जाणाऱ्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात, पण सिंगल फेज. इंजिनातले ब्लोअर आणि कॉम्प्रेसर मात्र थ्री फेजचे. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेल्या डब्ल्यूएएम-4, डब्ल्यूएजी-5 अशा इंजिनांमध्ये यासाठी एक फिरतं यंत्र असायचं, त्याचं नाव आर्नो. इटलीच्या रिकार्डो आर्नो यांच्यावरून पडलेलं. ट्रान्सफॉर्मरकडून सिंगल फेज 380 व्होल्ट घ्यायचे, आर्नो फिरवायचा आणि त्यातून थ्री फेज काढायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर आले, पण तोवर देशभरातल्या मालगाड्या ओढणाऱ्या इंजिनांची हवा-पाण्याची सोय याच तत्त्वावर चालली. भुसावळच्या लोको शेडमध्ये काम केलेल्या कुणालाही आर्नो म्हणजे काय ते विचारून बघा.

आता आपल्या शेडमध्ये येऊ. कंडेन्सर (क्षणभर वीज साठवून परत सोडणारा डबा), पट्टे, स्टार्टर यांच्या मागे धावण्याआधी लेथच्या मोटरीचा टर्मिनल बॉक्स उघडा. सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, म्हणून यावर जरा थांबतो.

आपल्याकडे थ्री फेज म्हणजे 415 व्होल्ट आणि घरात 230. तिसरा फेज बनवता आला तरी व्होल्टेज आपोआप वाढत नाही. पण एक चांगली गोष्ट आहे. आपल्याकडच्या साधारण 3 एचपीपर्यंतच्या मोटरी आतून स्टारमध्ये जोडलेल्या असतात. स्टार म्हणजे तिन्ही गुंडाळ्यांची एकेक टोकं एकत्र बांधलेली. या जोडणीत बाहेर 415 व्होल्ट असले तरी प्रत्यक्ष एका गुंडाळीवर 240 च्या आसपासच येतात. याचा अर्थ गुंडाळी मुळातच 230-240 व्होल्टची आहे. तीच जोडणी डेल्टामध्ये बदलली, म्हणजे एका गुंडाळीचं शेवटचं टोक पुढच्या गुंडाळीच्या सुरुवातीला असं त्रिकोणात बांधलं, की मोटर 230 व्होल्ट थ्री फेजची होते. ताकद तीच, वेग तोच. करंट मात्र पावणेदोन पटीने वाढतो. पाटीवर 3.5 अँपिअर असेल तर आता 6 धरायचे आणि स्टार्टरवरचा ओव्हरलोड रिलेही, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा भाग, तेवढ्यावर लावायचा. रिले जुन्याच आकड्यावर राहिला तर तो सारखा ट्रिप होत राहतो, आणि माणूस वैतागून रिले काढून टाकतो. मोटर जळायची सुरुवात तिथूनच होते.

टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या उभ्या-आडव्या बदलून पाच मिनिटांत काम होतं. तीनच टोकं असतील तर स्टारचा सांधा आत वायंडिंगमध्ये, वार्निशखाली दडलेला असतो. तो शोधून सोडवायचा आणि तीन नवी टोकं बाहेर काढायची. हात बसलेला नसेल तर हे वायंडरकडून करून घ्या. नव्याने भरण्यापेक्षा त्याला फार कमी खर्च येतो. पण त्याला नेमकं सांगा, की मोटर भरायची नाही, फक्त स्टार पॉइंट बाहेर काढायचा आहे.

5 एचपी आणि त्यावरच्या मोटरी 415 ला आधीच डेल्टामध्ये असतात. त्यांना 230 दिले तर जोर एक-तृतीयांशाच्याही खाली येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अशा मशीनसाठी 230 चे 415 करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, किंवा मोटरच बदलावी लागते. लहान वर्कशॉपला मी मोटर बदलायचाच सल्ला देईन.

डेल्टा झाला. आता तिसरा फेज आणायचे दोन जुने मार्ग आणि एक नवा.

पहिला मार्ग नुसत्या कंडेन्सरचा. दोन टोकांना घरची वीज द्यायची आणि तिसऱ्या टोकाला त्यापैकी एका तारेतून कंडेन्सरमार्गे. कंडेन्सरमधून जाताना करंट पुढे सरकतो, तोच तिसऱ्या माणसाचा धक्का. ग्रामीण भागात सिंगल फेजिंगच्या तासांत, म्हणजे पूर्ण थ्री फेज वीज नसताना, कित्येक पंप याच युक्तीवर चालले. तिथे दोन फेजमध्ये 415 मिळायचे, म्हणून कंडेन्सर कमी लागायचे. गावातल्या एकाच डीपीवर सगळ्यांनी हे केलं की डीपीवर उलटासुलटा भार पडायचा, हा त्याचा दुसरा चेहरा.

230 व्होल्टच्या डेल्टासाठी हिशेब असा: दर किलोवॅटला साधारण 70 मायक्रोफॅरॅड. 2 एचपी म्हणजे दीड किलोवॅट, म्हणजे 105. दीड टनाच्या जुन्या एसीच्या कॉम्प्रेसरचा कंडेन्सर 45 किंवा 50 मायक्रोफॅरॅडचा असतो, 440 व्होल्टचा. असे दोन पॅरलल लावले की काम भागतं. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे बंद पडलेल्या युनिटमधले असे कंडेन्सर पडून असतात. मीटरवर मोजून घ्या. लिहिलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरलेला किंवा पोट फुगलेला घेऊ नका. पंपाच्या पॅनलमधला काळा स्टार्टिंग कंडेन्सर इथे कायमचा लावायचा नाही. तो काही सेकंदांसाठीच असतो, जास्त वेळ राहिला तर फुटतो.

या मार्गाची मर्यादा मोकळेपणाने सांगतो. मोटर तिच्या ताकदीच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच काम देते, आणि सुरू होतानाचा जोर तर तीस टक्क्यांच्या आसपास. शिवाय कंडेन्सर एका ठरावीक भारालाच बरोबर बसतो. भारावर नीट चालणारी मोटर रिकामी फिरताना उलट जास्त तापते, कारण कंडेन्सरच्या बाजूची गुंडाळी गरजेपेक्षा जास्त करंट घेते. ड्रिल मशीन, बेंच ग्राइंडर, छोटा पंप यांना हे पुरतं. लेथला मी हे लावणार नाही. लेथवर आटे पाडताना उलटं फिरवावं लागतं, कट कधी हलका तर कधी जड असतो, आणि चक जड असेल तर मोटर उठतच नाही.

लेथसाठी दुसरा मार्ग, रिकामी मोटर. इंग्रजीतून आलेलं तिचं नाव आयडलर, पण रिकामी मोटर हाच शब्द मला जास्त चपखल वाटतो. तिच्या शाफ्टवर काहीच काम नसतं. ती नुसती फिरते आणि तिसरा फेज देते.

ती लेथच्या मोटरीपेक्षा मोठी हवी, दीडपट तरी. 2 एचपीच्या लेथला 3 एचपी. मोठी म्हणून 5 एचपीची उचलून आणू नका, ती 415 च्या डेल्टाची निघेल. जास्त ताकद हवी असेल तर 3 एचपीच्या दोन लावा. मोटर कुठे मिळेल? पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी, कोल्हापूरच्या उद्यमनगराभोवतीच्या भंगारवाल्यांकडे, आणि साधे माग मोडीत निघाले त्या इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत. मागाच्या मोटरी एक एचपीच्या आसपास असतात, त्या ड्रिलला चालतात. लेथसाठी एखाद्या बंद पिठाच्या चक्कीची, कॉम्प्रेसरची किंवा ब्लोअरची मोटर बघा.

भंगारवाल्याच्या अंगणात काय तपासायचं? शाफ्ट हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय, ते बदलता येतं. एकाच जागी अडत असेल तर रोटर घासतोय, ती मोटर सोडून द्या. टर्मिनल बॉक्सपाशी नाक न्या, जळक्या वार्निशचा वास लपत नाही. तीन गुंडाळ्यांचा रेझिस्टन्स मोजा. तिन्ही आकडे सारखे हवेत. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजणारं मीटर, मिळाला तर 500 व्होल्टवर गुंडाळी आणि बॉडी यांच्यात किमान 1 मेगाओम दिसला पाहिजे. पावसात पडलेली मोटर कमी दाखवते. झाकणं काढून आत 100 वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर लावून ठेवा आणि सकाळी परत मोजा. माझी मोटर अशीच दोन रात्री बल्बवर शेकलेली आहे.

रिकामी मोटर सुरू करायला शिंप्याचा हात हवा. तो दोन प्रकारे देता येतो. एक, पुशबटणाने क्षणभर 150 ते 200 मायक्रोफॅरॅडचा स्टार्टिंग कंडेन्सर तिसऱ्या टोकाला द्यायचा आणि मोटरीने वेग घेतला की बटण सोडायचं. बटण दाबलं तरच लागणारं हवं, अडकून राहणारं नको. दुसरा प्रकार पट्ट्याचा. बंद पडलेल्या घरघंटीची सिंगल फेज मोटर पट्ट्याने रिकाम्या मोटरीला जोडायची, वेगात आणायची, मग मुख्य वीज सोडायची आणि घरघंटीची वीज बंद करायची. दुसरा प्रकार संथ आहे, पण घरातले दिवे मिणमिणत नाहीत. ज्यांची लाईन लांबून येते, व्होल्टेज आधीच 200 पर्यंत उतरलेलं असतं, त्यांनी हाच घ्यावा.

मोटर फिरली की तिन्ही जोड्यांमधलं व्होल्टेज मोजा. माझ्याकडे घरची वीज 230 असताना दुसऱ्या जोडीत 212 आणि तिसरीत 204 आले होते. लेथवर कट घेतला की हे अजून खाली जातात. ते उचलायला तिसऱ्या टोकापासून दोन्ही तारांकडे थोडे रनिंग कंडेन्सर कायमचे लावायचे. किती, ते कागदावर ठरत नाही. जुन्या कूलर-फ्रिज-एसीचे पाच, दहा, पंधरा मायक्रोफॅरॅडचे तुकडे घेऊन बसायचं, एकेक जोडायचा, लेथवर नेहमीचा कट लावायचा आणि टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) लेथच्या तिन्ही तारांचा करंट बघायचा. दोन्ही बाजूंना सारखेच लावले म्हणजे बरोबर बसतील असं नाही. माझ्याकडे एकीकडे 36 आणि दुसरीकडे 20 वर तिन्ही करंट सर्वात जवळ आले. प्रत्येक वेळी कंडेन्सर बदलताना मेन स्विच बंद, मोटर पूर्ण थांबलेली, आणि कंडेन्सर उतरवलेला.

कंडेन्सर उतरवणं म्हणजे काय ते स्पष्ट सांगतो, कारण याच्याकडे हसण्यावारी बघितलं जातं. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट साठून राहू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने टोकं चिकटवून ठिणगी पाडायची सवय वाईट, कंडेन्सरही जातो आणि डोळाही जाऊ शकतो. प्रत्येक कंडेन्सरच्या टोकांना 100 किलोओम, 2 वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून टाका. मिनिटभरात तो आपोआप रिकामा होतो. तरीही हात लावण्याआधी मीटरने बघा. आणि जुन्या लोखंडी डब्यातले, तेल झिरपणारे कंडेन्सर घरी आणूच नका, त्यातलं तेल विषारी असू शकतं.

दोन्ही मोटरींच्या बॉडीला आणि लेथच्या बेडला खरं अर्थिंग हवं. खिळा ठोकून नव्हे, घराच्या अर्थिंगपर्यंत जाड तारेने. मेन स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. त्याच्या मागे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार भरायची नाही, योग्य एमसीबी लावायचा. रिकाम्या मोटरीच्या उघड्या शाफ्टवर पत्र्याची टोपी बसवा. मुलं शेडमध्ये येतात, आणि फिरणारा गुळगुळीत शाफ्ट थांबलेला वाटतो.

वायरिंगमधली एक बारीक गोष्ट. लेथच्या स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची (चुंबकाने ओढून लागणाऱ्या स्विचची) कॉइल नेहमी घरच्या दोन तारांवर जोडा, बनवलेल्या तिसऱ्या फेजवर नको. तिसऱ्याचं व्होल्टेज भारानुसार खाली-वर होतं, कॉइल थरथरते आणि कॉन्टॅक्ट जळतात. जुनी कॉइल 415 ची असेल तर 230 ची बसवा. लेथ उलटा फिरला तर लेथच्या मोटरीच्या दोन तारा अदलाबदल करा, रिकाम्या मोटरीला हात लावू नका.

खर्च विजेचाही आहे. रिकामी मोटर नुसती फिरताना दोन-तीनशे वॅट खाते. म्हणून काम नसताना बंद करायची. पण एक फायदा मला नंतर कळला. लेथ चालू असताना ड्रिलही चालू केलं तर ते जास्त सहज उठतं, कारण फिरणारी प्रत्येक थ्री फेज मोटर तिसऱ्या फेजला थोडा हात लावते.

तिसरा, नवा मार्ग ड्राइव्हचा, ज्याला सगळे व्हीएफडी म्हणतात. सिंगल फेज 230 आत, थ्री फेज 230 बाहेर, आणि बटणावर वेग कमी-जास्त. एकच चांगलं मशीन असेल आणि पैसे असतील तर हाच घ्या, मी आग्रहाने सांगेन. मात्र भंगारात मिळणारे बहुतेक ड्राइव्ह 415 आत घेणारे असतात, ते 230 वर उठत नाहीत. आणि ड्राइव्ह व मोटर यांच्या मधे लेथचा फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ठेवायचा नाही. चालू असताना तो फिरवला तर ड्राइव्ह जागेवर जातो. स्विचच्या तारा ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला न्यायच्या. फार कमी वेगावर मोटरीचा पंखाही मंद फिरतो, तेव्हा मोटरीवर हात ठेवून तापमान बघत राहा.

धंद्यासाठी रोज आठ तास मशीन चालवायचं असेल आणि दारावरून थ्री फेजची लाईन जात असेल, तर महावितरणकडून रीतसर जोडणी घेणंच बरोबर. घरगुती मीटरचा मंजूर भारही बघायला हवा. 2 एचपीचा लेथ भारावर असताना रिकाम्या मोटरीसकट 15 अँपिअरच्या घरात जातो, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. मी शेडपर्यंत 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल स्वतंत्र ओढली आहे.

रोज सकाळी क्रम ठरलेला असतो. आधी मेन, मग रिकामी मोटर. तिचा आवाज एकसारखा झाला की व्होल्टमीटरकडे एक नजर. मग लेथ, चक सर्वात कमी वेगावर. रात्री उलटा क्रम: आधी लेथ बंद, मग रिकामी मोटर, शेवटी मेन. परवा तिच्या मागच्या बाजूचं 6205 बेअरिंग कुरकुरायला लागलं, येत्या रविवारी ते बदलायचं आहे.